टिंब काढायचं बटण

दारात थांबायचा. कुठल्याही दारात. घराच्या, वर्गाच्या, उडप्याच्या हॉटेलाच्या. एकदा केसांवरून हात फिरवायचा, मग दोन्ही कानांमागे बोटं न्यायचा, मग आत.

चहा गार करून प्यायचा.

कीबोर्डला हात लावण्याआधी त्यावर फुंकर मारायचा. धूळ असो नसो.

फळा स्वतः पुसायचा नाही. दुसऱ्या कोणी पुसला तर काही म्हणायचा नाही, पण बघत राहायचा.

चाळीत भजन सुरू झालं की गॅलरीत येऊन उभा राहायचा. कठड्यावर बोटांनी ठेका धरायचा. आत जाऊन बसायचा नाही.

विद्यार्थ्याने चुकीचं उत्तर दिलं तर ‘चूक’ म्हणायचा नाही. ‘कसं आलं?’ म्हणायचा.

गुणाजी घाडी फेब्रुवारीत गेला. सोमवारी सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसला आणि उठला नाही. चाळिशी यायची होती. अजून कुठल्याही दारात शिरताना मी जरा बाजूला थांबतो. त्याला केसांवरून हात फिरवून पुढे जाता यावं म्हणून.

तो परळच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी. मी गिरगावातला, नुकताच मराठी घेऊन बी. ए. झालेला, काम शोधणारा. त्याने केलेल्या एका प्रोग्रॅममधले शब्द मराठी करायला माणूस हवा होता. संध्याकाळच्या वर्गातली मुलं मराठी शाळांतून आलेली. इंग्रजी बटणं बघून बिचकायची. कोणीतरी माझं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी मी त्याला सर म्हटलं.

“सर नको,” तो म्हणाला. “मला कायम करत नाहीत तोवर मी सर नाही. दादा म्हण.”

“आणि कायम केलं तर?”

“तर पेढे खा आणि दादाच म्हण.”

प्रोग्रॅम असा होता. पडद्यावर टिंबं. प्रत्येक टिंब म्हणजे कोणीतरी घेतलेलं एक मोजमाप. त्या टिंबांजवळून एक वाकडी रेषा न्यायची. सरळ रेषा एका गणितात सापडते, वाकडी तशी सापडत नाही, हे मला त्याच्याकडूनच कळलं. वाकडीला आधी एक अंदाज द्यावा लागतो. मग ती एकेक पाऊल सरकत टिंबांजवळ येते. अंदाज फारच चुकला तर भलतीकडे जाते आणि तिथेच बसून राहते. मुलं माऊसने अंदाज द्यायची आणि रेषा चालताना बघायची. पुस्तकात हेच पान भरून सूत्रं होती. ती कोणाला कळायची नाहीत.

रेषा पुढे सरकली की मागची पुसली जायची नाही. फिकट होऊन तिथेच राहायची. थोड्या वेळाने पडदा फिकट रेषांनी भरायचा. मुलं त्यांना भुतं म्हणायची.

“सर, ही भुतं बंद करता येतील का?”

“राहू देत. रेषा कुठून आली ते दिसतं.”

प्रत्येक टिंबापासून रेषेपर्यंत एक दोरा असायचा आणि दोऱ्यावर एक चौकोन. जितका दोरा लांब तितका चौकोन मोठा. सगळे चौकोन मिळून कमीत कमी जागा व्यापतील अशी रेषा शोधायची, एवढंच ते गणित. दोरा दुप्पट झाला की चौकोन चौपट. त्यामुळे लांबचं एकच टिंब सगळी रेषा आपल्याकडे ओढून घ्यायचं. माऊसने टिंब ओढलं की टण्ण असा आवाज यायचा, ताणलेली तार सोडल्यासारखा. तो आवाज त्याने कुठून आणला ते मी तेव्हा विचारलं नाही.

नमुन्याला चहा होता. त्याने घरी कपात चहा ओतून, कॉलेजचा थर्मामीटर धरून, तो कसा गार होत जातो ते मोजलं होतं. आधी झपाट्याने, मग सावकाश, मग जवळजवळ नाहीच. टिंबं घसरगुंडीसारखी खाली आलेली. फक्त शेवटचं टिंब वर, एकटं.

“हे चुकलंय,” मी म्हणालो होतो.

“कसं आलं ते विचार.”

“कसं आलं?”

“मी पेन आणायला उठलो. आईने बघितलं, पोराचा चहा गार झाला. तिने वर गरम ओतला. मी येऊन मोजला.”

आतून त्याची आई, मालनकाकी, म्हणाल्या, “मग काय गार पिऊ देऊ? चहात काच घालून बसतो. बापजन्मी बघितलं नाही.”

ते टिंब त्याने तसंच ठेवलं. त्या टिंबामुळे रेषेची शेपटी वर उचललेली दिसायची. मुलं ते टिंब निवडायची, डिलीट दाबायची, काही व्हायचं नाही. प्रोग्रॅममध्ये टिंब ओढता यायचं, काढता यायचं नाही. तशी सोयच नव्हती.

विभागप्रमुख दमयंती मॅडम. वरळी कोळीवाड्यातल्या, बोलायला रोखठोक, मनाने चांगल्या. त्यांनी डिसेंबरात प्रोग्रॅम बघितला. मी शेजारी उभा होतो.

“घाडी, फार छान झालंय. मार्चमध्ये विद्यापीठाची माणसं बघायला येतील. त्यांना पटलं तर बाकीच्या कॉलेजांतही लागेल. मग तुमच्या कायम होण्याचं मला तोंड उघडून बोलता येईल. फक्त टिंब काढायचं बटण द्या.”

“मॅडम, ते टिंब चुकीचं नाही.”

“कोण म्हणतंय चुकीचं? पण काढून बघितल्याशिवाय पोरांना फरक कसा कळणार? आमच्याकडे मासळी निवडताना खराब बाजूला काढतात तेव्हाच चांगली कुठली ते दिसतं.”

“आणि काढलेली खराब नसली तर?”

“तर मांजर खातं,” मॅडम म्हणाल्या. “मार्चच्या आत द्या.”

गुणाजी हसला नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे त्याला माहीत होतं. अर्ध्या तासाचं काम होतं, हेही. जानेवारी उजाडला तरी त्याने ते केलं नव्हतं.

एका संध्याकाळी आम्ही कॉलेजातून चालत लालबागला, त्याच्या चाळीकडे निघालो. डाव्या हाताला त्याच्या वडिलांच्या मिलची भिंत. आत उंच इमारतीचा पाया खणत होते. मी सरळच विचारलं, बटण का करत नाहीस.

तो चालत राहिला. मसाला कांडायच्या डंकांपाशी आलो. मिरची कांडत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“इथे उभे राहायचो,” तो म्हणाला. “मी आणि बाबा.”

मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच क्रमाने लिहितो.

त्याचे वडील धोंडू घाडी साचाखात्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे साच्यांवरच्या, मागांवरच्या, माणसांचा मुकादम. गावाकडची कितीतरी पोरं त्यांनी आणून कामाला लावली होती. खालच्या मजल्यावरचा बुधाजी त्यातलाच. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा चाळीतल्या लोकांनी भजनाच्या खोलीत नारळ ठेवला. गावची रीत आहे, देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाणं धोंडू घाडींनीच घातलं. जो कोणी संप मोडून मिलच्या आत जाईल, त्याच्या घरचं पाणी कोणी पिऊ नये, त्याच्या दारात भजन होऊ नये. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. बुधाजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता, गुणाजी म्हणाला. त्याला गळाच तसा आहे.

संप लांबला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, घरातलं किडूकमिडूक गेलं. धोंडू घाडी भायखळ्यापलीकडे एका गादीवाल्याकडे जाऊ लागले. मांडी घालून बसायचं, कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या. घरात फक्त बायकोला आणि मुलाला माहीत. ज्या माणसाने लोकांना साच्यांवर उभं केलं तो गाद्या भरतो, हे त्यांना चाळीत कळू द्यायचं नव्हतं. गुणाजी शाळा सुटली की डबा घेऊन जायचा. दारात पोचण्याआधीच पिंजणीचा आवाज यायचा. टण्ण, टण्ण.

मी चालता चालता थांबलो. तो थांबला नाही.

परत येताना बापलेक या डंकांपाशी थांबायचे. इथे सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, कोणी कोणाकडे बघत नाही. वडील खाली वाकायचे. गुणाजी त्यांच्या केसांतला कापूस वेचायचा.

“बघ रे, कापूस रवलो काय?” वडील विचारायचे.

“नाय रवलो,” हा सांगायचा.

“एक दिवस घाई होती,” गुणाजी म्हणाला. “खाली पोरं खेळायला थांबलेली. कानामागे एक पुंजका राहिला.”

जिन्याजवळच्या नळावर बुधाजी होता. त्याने वडिलांच्या कानामागून तो पुंजका काढला. तळहातावर घेतला आणि नळावरच्या सगळ्यांना दाखवला. म्हणाला, कापूस. आणखी काही बोलला नाही, बोलायची गरज नव्हती. त्या दिवसांत काही गिरण्यांच्या मागच्या दाराने पोलिसांच्या गाडीतून माणसं आत जात होती. ज्याच्या केसांत कापूस तो आत जातो, हे गिरणगावातल्या लहान पोरालाही कळत होतं.

“आणि तुझे बाबा?”

“माझ्याकडे बघितलं. मान हलवली, एवढीशी. बोलू नको म्हणून. मी नाही बोललो.”

“नंतर?”

“नंतर कधी?”

त्यांच्या घरचं पाणी बंद झालं. शब्द धोंडू घाडींचेच होते, त्यांनी ते मोडले नाहीत. वर्षभराने खोकल्याने गेले. चाळीत कोणीही गेलं की भजन होतं; त्यांच्यासाठी झालं नाही. खांदा द्यायला वरळीच्या बीडीडी चाळीतून भाऊबंद आले. बुधाजी गॅलरीत उभा होता. बहिष्कार उठला असं पुढे कोणी म्हटलं नाही. बायका नळावर बोलू लागल्या, मुलं एकत्र खेळू लागली, तो विरून गेला. फक्त बुधाजी अजून त्या घरात पाणी पीत नव्हता.

“बटण दाबलं की टिंब जातं,” गुणाजी म्हणाला. “रेषा लगेच छान बसते. पोरं टाळ्या वाजवतील बघ.”

त्याने कानांमागून बोटं फिरवली आणि आम्ही चाळीत शिरलो.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्याच्या खोलीवर होतो. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते, फाँटचं काहीतरी बिनसलं होतं. दारात बुधाजीबुवा येऊन उभा राहिला. पांढरा लेंगा, गळ्यात माळ. आता तो भजनाचा बुवा होता.

“गुणाजी, माघी गणपतीचा पत्रक छापून देशील काय? माझो नातू म्हणता, तुझ्या कम्प्युटरवर होता.”

“देतो की. आत या, बुवा.”

“हयच बरो हा.”

“या हो. जरा गंमत दाखवतो.”

बुधाजी आत आला, पण टेकला नाही. गुणाजीने चहाची टिंबं पडद्यावर आणली. माऊस त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याने एक टिंब ओढलं. टण्ण. त्याला मजा वाटली. आणखी एक ओढलं. मग त्याचं लक्ष शेवटच्या टिंबाकडे गेलं.

“ह्यां एकटांच लांब कित्याक?”

“तुम्हीच सांगा.”

“चुकला असतला. काढून टाक मरे.”

“काढायचं बटण नाही, बुवा.”

“मगे कर. एवढो शिकलंस.”

मालनकाकींनी स्टीलच्या पेल्यात पाणी आणून टेबलावर ठेवलं. दर वेळी कोणासाठीही ठेवतात तसंच. बुधाजीने पेल्याकडे बघितलं नाही.

गुणाजी म्हणाला, “बुवा, बाबांच्या कानामागचा कापूस गादीवाल्याकडचा होता. मी डबा घेऊन जायचो. मी बघितलंय.”

त्याचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता, अगदी तोच. काकी दारात थांबल्या.

बुधाजीची नजर पडद्यावरच होती. मग म्हणाला, “मगे तो बोललो कित्याक नाय?”

“तुम्ही विचारलं होतं काय?”

“कापूस दिसलो,” बुधाजी म्हणाला. “कापूस दिसल्यार आणि काय विचारूचा?”

माऊस अजून त्याच्या हातात होता. त्याने तो हळूच टेबलावर ठेवला, काच ठेवावी तसा, आणि निघून गेला. पेला भरलेलाच राहिला. पत्रकाचा मजकूर सांगायचा राहून गेला.

काकी पेला उचलत म्हणाल्या, “कशाला बोललास? एवढी वर्षं गेली.”

“त्यांनीच विचारलं,” गुणाजी म्हणाला.

“टिंबाचं विचारलं त्यांनी.”

“होय. टिंबाचंच.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजात भेटला तेव्हा तो मोकळा वाटला. मला पाठीत एक धपका घातला.

“जमलं. बटण करतो.”

“मॅडम खूश होतील.”

“ऐक तर. बटण दाबलं की टिंब लगेच जाणार नाही. आधी एक चौकट उघडेल. चौकटीत प्रश्न. उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. कसं आलं, का काढतोस. आणि टिंब काढलं तरी त्याच्या जागी पोकळ वर्तुळ राहील. त्या टिंबासकटची रेषाही राहील, फिकट. म्हणजे पोरांना फरक कळेल, मॅडमचंही खरं होईल.”

“आणि उत्तर काहीही लिहिलं तर? नुसतं ‘चूक आहे’ लिहिलं तर?”

तो विचारात पडला. “ते बघायला हवं,” म्हणाला. “उत्तराचं काय करायचं ते अजून कळत नाही. प्रश्न तू लिही. मराठीवाला आहेस. असा लिही की माणूस लिहिता लिहिता थांबला पाहिजे.”

मी एक आठवडा प्रश्न लिहिले. ‘हे टिंब का वगळत आहात?’ तो म्हणाला, सरकारी झालं. ‘या टिंबाचा दोष काय?’ तो म्हणाला, दोष आहे हे कोणी ठरवलं? ‘हे टिंब इथे कसं आलं, हे शोधलंत का?’ हा त्याने दोनदा वाचला. म्हणाला, जवळ आलंय, पण दमदाटी वाटते. आणखी लिही.

सोमवारी मी आणखी तीन लिहून नेले होते. कॉलेजच्या दारातच शिपाई रघू भेटला. म्हणाला, घाडीसर गेले.

मी लालबागला पोचलो तेव्हा जिन्यात माणसं होती. भजनी मंडळ टाळ घेऊन गॅलरीत उभं होतं, दारापासून जरा लांब. बुधाजी पुढे. तो काकींना म्हणाला, “वैनी, येव काय?”

काकी दारातून बाजूला सरकल्या. मग म्हणाल्या, “दोघांचं म्हणा.”

भजन झालं. दोन पिढ्यांचं भजन किती वेळ चालतं ते मला माहीत नाही. बुधाजीचा गळा खरोखरच मोठा आहे. शेवटी शेवटी तो फुटत होता. मग त्याने पाणी मागितलं. काकींनी तोच स्टीलचा पेला दिला. तो प्याला की नाही ते मला दिसलं नाही. मध्ये माणसं होती.

मार्चमध्ये विद्यापीठाची माणसं आली नाहीत. पुढे ढकललं म्हणाले. मॅडमनी मला बोलावलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. “त्याचं नाव पडद्यावर पहिलं राहील, ते मी बघते,” म्हणाल्या. “तेवढं बटण पुरं करून घे. प्रोग्रॅम लिहिणारा एक मुलगा देते तुला. अर्ध्या तासाचं काम आहे.”

तो मुलगा आला. हुशार आहे. त्याने आत बघितलं आणि म्हणाला, “सरांनी जवळजवळ सगळं केलंय. पोकळ वर्तुळ आहे, फिकट रेषा आहे. चौकट उघडते. फक्त ‘ठीक’च्या बटणाला काही जोडलेलं नाही. उत्तर आलं की पुढे काय करायचं, ते सांग, जोडून देतो.”

मी त्याला उद्या ये म्हटलं. असं मी त्याला बऱ्याचदा म्हटलंय.

काल काकींकडे गेलो होतो. कम्प्युटर तिथेच आहे, त्यावर त्यांनी कापड टाकलंय. मी कापड काढलं. कीबोर्डवर फुंकर मारली. चहाची टिंबं आणली, शेवटच्या टिंबावर गेलो, बटण दाबलं. चौकट उघडली. वर प्रश्नाची जागा रिकामी. खाली उत्तराची जागा रिकामी, तिच्यात एक उभी रेघ उघडझाप करत होती. मी ‘ठीक’ दाबलं. पुन्हा दाबलं. टिंब जागेवरच होतं.

काकींनी चहा आणला. मी बघत बसलो तोवर तो गार झाला. त्यांनी वर गरम ओतला.